पुढे म्हणजे नेमकं कुठे

१० जानेवारी

ही डायरी नवऱ्याला टूथपेस्टच्या कंपनीने भेट दिली. प्रत्येक पानाखाली दातांविषयी एक सूचना छापली आहे. आजची: ‘घाई नको, हिरड्या नाजूक असतात.’ नवरा दातांचा डॉक्टर, त्याच्याकडे अशा डायऱ्या ढिगाने येतात. एक मला दिली, कारण मी फार बोलते. निदान त्याचं तसं म्हणणं आहे.

खरी गोष्ट अशी की आमच्या घरात नवा नियम झालाय: जेवणाच्या टेबलावर प्लाझ्मा नाही. नियम नवऱ्याचाच. बायको आणि थोरली बहीण एकाच यंत्रावर कामाला म्हटल्यावर त्या बिचाऱ्याने दुसरं काय करावं? वन्सं आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकट्या राहतात आणि दर रविवारी जेवायला खाली येतात. घरी त्या माझ्या नणंद, कामावर प्रयोगप्रमुख. दोघींचं आडनाव एकच, म्हणून पाठीमागे त्यांना मोठ्या मॅडम आणि मला धाकट्या मॅडम म्हणतात. तोंडावर दोघींनाही नुसतं ‘मॅडम’, आणि मग आम्ही दोघी एकदमच वळून बघतो.

तर जे टेबलावर बोलायचं नाही ते इथे लिहायचं. बघू किती दिवस टिकतंय.

१२ जानेवारी

आज नवऱ्याने विचारलं, तू नेमकं करतेस तरी काय? लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर! एकदाचं लिहूनच ठेवते.

आमच्याकडे एक प्रचंड पोकळ कडं आहे. त्यातली हवा काढून टाकतात, चिमूटभर वायू सोडतात आणि तो इतका तापवतात की त्याचा प्लाझ्मा होतो. मग चुंबकांच्या जोरावर तो भिंतीला टेकू न देता अधांतरी धरून ठेवायचा. सूर्य जे आयतं करतो ते आम्ही घाम गाळून करतो. पेटवल्यापासून विझेपर्यंत एक शॉट. सगळा खेळ काही सेकंदांचा.

प्लाझ्माचा दाब वाढवत नेला की कधीकधी चुंबकीय रेषांना गाठ पडते. पुस्तकात तिला बेट म्हणतात, आमच्या खोलीत सगळे गाठच म्हणतात. गाठीतून उष्णता गळते. ती आधी कड्याभोवती गरगर फिरते, फुगत जाते, मग थांबते. आणि ती थांबली की प्लाझ्मा खलास. धाडकन आवाज होतो, जमीन हादरते आणि नियंत्रण-खोलीत जो तो आपापल्या पडद्यात तोंड घालून बसतो.

गाठीवर औषध एकच. मायक्रोवेव्हचा झोत नेमका तिच्यावर धरायचा, की ती विरघळते. झोत अँटेनातून येतो आणि अँटेनाच्या तोंडाशी ताटाएवढा तांब्याचा आरसा आहे. आरसा वळेल तिकडे झोत वळतो. पण चालत्या शॉटमध्ये प्लाझ्मा हलतो, त्याच्याबरोबर गाठही सरकते. तेव्हा आरशाने तिच्यावर नजर ठेवून आपलं आपण वळायला हवं. माणसाच्या हातून ते होणार नाही, तेवढा वेळच नसतो. आरशाला वळवणारी ही अक्कल माझी. म्हणजे माझी आणि तिचा प्रोग्राम लिहिणाऱ्या अक्षरशःची.

नवऱ्याने हे सगळं वाचलं आणि म्हणाला, “घरच्या मायक्रोवेव्हमध्ये दूध उतू जातं तेव्हा ही अक्कल कुठे असते?”

डायरी आता कपाटात ठेवणार आहे, माझ्या साड्यांखाली.

१९ जानेवारी

आज कुणाला किती शॉट द्यायचे ते ठरवणाऱ्या समितीपुढे मांडणी होती. प्रयोगांच्या या मोसमात आरसा आपोआप चालवून दाखवायचा. जमलं तर कायमचा आपोआप. नाही जमलं तर आरसा एका कोनात पक्का आवळून टाकायचा आणि माझी माणसं दुसऱ्या कामांना वाटून द्यायची. संचालकांनी हे अगदी गोड आवाजात सांगितलं. माझ्या सहा वर्षांचं काम आहे हे. मला मूल नाही, पण लोक मुलांबद्दल बोलतात तेव्हा मला हा आरसा आठवतो. हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात वन्संनी चष्मा काढून विचारलं, “आरसा चुकला तर झोत कुठे पडेल?”

सगळ्यांसमोर! मी म्हटलं, चुकणार नाही. त्या म्हणाल्या, “मी चुकेल का असं विचारलं नाही. चुकला तर समोरच्या भिंतीला भोक पडेल का, असं विचारते आहे. उत्तर पुढल्या आठवड्यात लेखी द्या.” वर ‘द्या’! रविवारी माझ्याच हातची भाजी दोनदा वाढून घेतली या बाईने.

आता आठवडाभर बसून भिंतीचा हिशेब करायचा. नणंद ती नणंदच, मग ती भौतिकशास्त्राची डॉक्टर का असेना.

२२ जानेवारी

अक्षरशः हे अर्थातच टोपणनाव. सांगाल तेवढंच आणि सांगाल तसंच करतो. एकदा मी वैतागून “घाल चुलीत तो प्रोग्राम” म्हणाले, तर शांतपणे विचारतो, “चुलीत म्हणजे कुठल्या फोल्डरमध्ये?”

आज त्याच्याशी उशिराचा प्रश्न मिटवला. गाठ कुठे आहे ते सांगणारं मापन आमच्यापर्यंत जरासं उशिरा पोहोचतं. पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी वेळ, पण तेवढ्यात गाठ सरकलेली असते. शिळ्या बातमीवर आरसा वळवला तर वरातीमागून घोडं. म्हणून बातमी जेवढी शिळी, तेवढं आपणच पुढचं ओळखायचं आणि गाठ आत्ता जिथे असेल तिथे झोत टाकायचा.

मी त्याला म्हटलं, “मापन उशिरा येतं ना, वेळ तेवढी पुढे घे.”

“पुढे?”

“पुढे.”

“पुढे म्हणजे पुढेच ना, मॅडम?”

“अरे, पुढे म्हणजे पुढे! मागे घेऊन काय लोणचं घालायचंय?”

त्याने मान डोलावली आणि गेला. एवढ्याशा गोष्टीला इतकं विचारतो. गुणी आहे, पण अशा माणसाबरोबर काम करायचं म्हणजे संयमाची परीक्षा.

भिंतीचा हिशेब झाला. भोक पडू शकतं, हे खरं निघालं. म्हणून भिंतीपाशी उधळलेला झोत ओळखणारा सेन्सर, आमचा पहारेकरी, बसवला आहे: झोत भरकटला की तो तत्क्षणी बंद. वन्संना कागद दिला. त्यांनी वाचला आणि “ठीक” म्हणाल्या. एवढंच.

३० जानेवारी

प्रयोगशाळेत टेबलावर चाचणी झाली. खोटी गाठ म्हणून एक दिवा ठेवला आणि आरशाला सांगितलं, शोध. वळला, थांबला आणि दिव्यावर खिळला. दिवा दुसरीकडे ठेवला, पुन्हा शोधला. दहा वेळा केलं, दहाही वेळा बरोबर.

आरशाची यंत्रणा बनवणारे आमचे आरसेवाले हात मागे बांधून बघत होते. निवृत्तीला आलेले, तोंडाने फटकळ. म्हणाले, “छान. आता जरा हळू वळवत चला, त्याचे सांधे रबराचे नाहीत.” कौतुक करायचं म्हणजे यांच्या खिशाला चाट बसते जणू.

६ फेब्रुवारी

पहिला शॉट! आणि जमलं!

दाब मुद्दाम कमी ठेवला होता. गाठही लहानशी, जवळजवळ जागच्या जागी. आरसा वळला, झोत पडला, पडद्यावरची गाठीची रेघ खाली खाली येत सपाट झाली. यंत्र चालवणाऱ्याला आम्ही पायलट म्हणतो. तोही खुर्चीतून अर्धा उठला. मी अक्षरशःच्या पाठीत धपाटा घातला, त्याचा चहा सांडला.

वन्सं म्हणाल्या, “आता खऱ्या दाबाला करून दाखवा.” आनंदात मिठाचा खडा कसा टाकावा याचे वर्ग घ्यावेत यांनी.

१३ फेब्रुवारी

खऱ्या दाबाला केलं. धाडकन.

दाब चढला तसा प्लाझ्मा सरकायला लागला, गाठ पडली, आरसा वळला. वळला, पण झोत तिच्या शेजारी पडला. गाठ सरकली, आरसा मागोमाग गेला, पुन्हा शेजारी. गाठ फुगली, थांबली. जमीन हादरली. दुसरा शॉट तसाच. तिसरा तसाच.

घरी नवऱ्याने चेहरा बघून जेवताना दातांच्या मुळांवर व्याख्यान दिलं. मला रडू आलं तर त्याला वाटलं मुळांच्या गोष्टीने आलं.

१६ फेब्रुवारी

सगळं तपासलं. माझी गणितं तर बरोबर आहेत. टेबलावर दहापैकी दहा बरोबर आले होते. मग घोडं पेंड कुठे खातंय? आरशाच्या यंत्रणेत. सांधे अडकत असणार, सांगितलेल्या जागी आरसा वेळेत पोहोचत नसणार. मी जाऊन आरसेवाल्यांना सांगितलं.

ते म्हणाले, “नाचता येईना अंगण वाकडं.”

मी म्हटलं, “अंगण तपासायला काय हरकत आहे?”

“तपासतो. वाकडं नाही निघालं तर काय कराल?”

“माफी मागेन.”

“सगळ्यांसमोर,” ते म्हणाले आणि हातमोजे चढवले.

२० फेब्रुवारी

अंगण सरळ निघालं. आरसा सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या वेळी, केसाच्याही फरकाशिवाय पोहोचतो. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. सकाळच्या बैठकीत सगळ्यांसमोर माफी मागितली. आरसेवाले म्हणाले, “असू दे, पोरी,” आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

दुपारी आरशाला जास्त जोमाने वळायला सांगून पाहिलं. आगीतून फुफाट्यात! आता तो गाठीच्या अल्याड-पल्याड झोकांड्या खायला लागला. पायलटने हात मारून त्याला थांबवला. धाडकन ते झालंच.

संध्याकाळी संचालक गोड आवाजात म्हणाले, आरसा आवळून टाकावा असं बऱ्याच जणांचं मत पडतंय. माझ्या वाट्याचे शॉट तर संपलेच आहेत.

२३ फेब्रुवारी

एक आश्चर्य. मला आणखी शॉट मिळालेत, मार्चमध्ये, अख्खा आठवडा. कुठून आले कुणी सांगत नाही. समितीत कुणीतरी म्हणालं म्हणे, की भिंतीच्या सुरक्षेचा एवढा चोख कागद देणाऱ्या माणसाला आणखी एक संधी द्यायला हरकत नसावी. कोण ते कळलं नाही. असो, जगात चांगली माणसं आहेत.

दुसरी बातमी: वन्संचा स्वतःचा प्रयोग या मोसमातून रद्द झालाय. दोन वर्षं त्याची तयारी चालली होती. मोठ्या माणसांची नियोजनं ही अशी. मला बोलायचं होतं, पण टेबलावर प्लाझ्मा नाही.

१ मार्च, रविवार

हे शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

काल वन्संनी घरच्या ग्रुपवर लिहिलं होतं: ‘उद्याचं जेवण एक तास पुढे घेऊ.’ आम्ही रविवारी एकला जेवतो. म्हणजे दोन. मी निवांत होते. बरोबर बाराला दार वाजलं. वन्सं दारात, आणि माझ्या केसांना टॉवेल, कुकरही लावलेला नाही.

“जेवण तयार नाही?” वन्सं म्हणाल्या.

“दोनला ना?”

“दोन? अगं, पुढे घेऊ म्हटलं होतं मी.”

“पुढे म्हणजेच उशिरा! बैठक पुढे ढकलली म्हणजे काय होतं? नंतर होते. कुणीही सांगेल.”

“आणि घड्याळ पुढे केलं तर? लवकर उठतेस का उशिरा?”

“घड्याळाचा काय संबंध? वेळ पुढे म्हणजे नंतर. शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल, वन्सं!”

नवरा मधे उभा होता. म्हणाला, “तुम्ही दोघी बरोबर आहात. उपाशी फक्त मी आहे.”

मी पुन्हा तोंड उघडलं, वेळ पुढे म्हणजे नंतर, हे तिसऱ्यांदा सांगायला. आणि ते तसंच उघडं राहिलं. कारण मला अक्षरशःचा चेहरा दिसला. पुढे म्हणजे पुढेच ना, मॅडम?

मी तिथेच, केसांना टॉवेल गुंडाळलेली, त्याला फोन लावला. “प्रत्येक मापनावर ते कधीचं आहे याची वेळ लावतोस ना? ती तू कुठे घेतलीस?”

“पुढे,” तो म्हणाला. “तुम्ही सांगितलं होतं.”

“म्हणजे आकडा वाढवलास?”

“हो. पुढे म्हणजे नंतर ना?” मग म्हणाला, “मी विचारलं होतं, मॅडम.”

विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं त्याने!

मला हवं होतं की प्रोग्रामने जुन्या मापनावरून पुढचा अंदाज बांधावा. त्याने मापनावरची वेळच पुढे केली. म्हणजे शिळी बातमी उद्याची म्हणून छापली. प्रोग्राम म्हणणार, ही तर उद्याची बातमी, आजचं कळायला जरा मागे जाऊ. झालं! जिथे एकदा पुढे बघायचं तिथे आरसा मागे बघत राहिला, उशीर भरून निघायचा तो दुप्पट झाला. टेबलावर कळलं नाही, कारण दिवा जागेवर उभा होता. उभ्या माणसाला पुढे काय नि मागे काय, सारखंच. सहा फेब्रुवारीच्या लहान गाठीलाही तेच. सरकणारी गाठ आली आणि पितळ उघडं पडलं.

फोन ठेवला. वन्सं माझ्याकडे बघत होत्या. सगळं त्यांना ऐकू गेलं होतं. त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या आणि हसायला लागल्या. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी, टेबलावर मूठ. मग मीही. नवरा म्हणाला, टेबलावर प्लाझ्मा नाही, आणि वन्सं म्हणाल्या, “गप रे, आज आहे.”

जेवायला तीन वाजले. म्हणजे पुढेच झालं.

२ मार्च

एका चिन्हाचा फरक. अधिकच्या जागी उणे. अक्षरशःने क्षणात बदललं आणि विचारलं, “कुणाची चूक लिहू?” मी म्हटलं, भाषेची. तो खरंच तसं लिहायला लागला, तेव्हा त्याला थांबवलं. माझी लिही म्हटलं. माझीच आहे.

खोलीत आजपासून ‘पुढे’ आणि ‘मागे’ या दोन शब्दांना बंदी आहे. वेळेचं काहीही असो, नुसतं अधिक किंवा उणे बोलायचं. दुपारी पायलटने फोनवर विचारलं, “पुढचा शॉट कधी?” अक्षरशः म्हणाला, “कुठला? अधिक शॉट?” पायलटने फोन ठेवून दिला.

मला लगेच कड्यावर जायचं होतं. वन्सं म्हणाल्या, आधी सरकत्या दिव्यावर करून दाखवा. मनात म्हटलं, सुरू झालं परत. पण या वेळी त्या बरोबर होत्या, हे लिहायलाच हवं. ही चाचणी मी जानेवारीतच करायला हवी होती.

५ मार्च

आरसेवाल्यांनी दिवा रुळावर बसवून दिला. त्यांनीच तो हवा तसा पळवला: हळू, जोरात, मधेच उलटा. आरसा त्याच्यावरून हलला नाही. म्हणजे हलत होता, सारखा हलत होता, पण प्रकाशाचा ठिपका दिव्यावर चिकटलेला. आरसेवाले दिवा लपवल्यासारखा झटकन उलट फिरवायचे आणि ठिपका तिथे हजर.

“शेरास सव्वाशेर,” ते म्हणाले, आणि कुणाला शेर म्हणाले ते सांगितलं नाही.

११ मार्च

आज.

आज, आज, आज.

नियंत्रण-खोली भरलेली. संचालकही आले होते, दाराशी उभे, निघायला सोपं पडावं म्हणून. वन्सं पायलटच्या शेजारी. पायलटचा एक हात आरसा थांबवायच्या बटणावर. मी आणि अक्षरशः आमच्या पडद्यापाशी.

पहिला शॉट झोताविना, नुसती तुलना म्हणून. दाब चढला, गाठ पडली, फुगली, थांबली, धाडकन. सगळ्यांना आठवण करून दिली म्हणायचं, की खेळ कशाशी आहे.

दुसरा शॉट. तोच दाब, तसंच सगळं, फक्त आरसा मोकळा. उलटी मोजणी. प्लाझ्मा पेटला. दाब चढला. प्लाझ्मा सरकायला लागला. गाठीची रेघ पडद्यावर उठली, जशी आधी प्रत्येक वेळी उठली होती. आरसा वळला. रेघ चढतेच आहे, चढतेच आहे. पायलटचा हात बटणावर दाबला जाणार एवढ्यात वन्संनी आपला हात त्याच्या हाताखाली घातला आणि म्हणाल्या, “थांब.”

आणि रेघ थांबली. तिथेच लोंबकळली. आणि मग उतरली. प्लाझ्मा सरकत होता, आरसा सरकत होता, झोत गाठीवर असा बसला होता की हलायचं नाव नाही. रेघ उतरत उतरत पार तळाला गेली. गाठ विरली! दाब आणखी चढवला, तरी प्लाझ्मा जिवंत. ठरलेल्या वेळेला, आम्ही विझवला तेव्हाच, अगदी सभ्य माणसासारखा विझला. आवाज नाही. जमीन हादरली नाही.

ती शांतता मी आयुष्यभर विसरणार नाही. सगळे धाडकनची वाट बघत होते आणि ते आलंच नाही.

मग जो कल्ला झाला! पायलटने हेडफोन छताकडे फेकले. आरसेवाल्यांनी अक्षरशःला उचललं, या वयात! संचालक दाराशी होते ते आत आले आणि मला चक्क मिठी मारायला निघाले, मग हात मिळवला. अक्षरशः मला म्हणाला, “मॅडम, हे अधिक झालं का?” मी म्हटलं, “हो रे बाबा, अधिक, अधिक, अधिक!”

दिवसभरात आणखी सात वेळा केलं. सरळ गाठ, तिरकी गाठ, एकापाठोपाठ एक दोन गाठी. एकदा आमच्या पहारेकऱ्याने झोत उगीचच तोडला, तेव्हा तेवढा एक प्लाझ्मा गेला. बाकी सगळे वाचले. संध्याकाळी समितीने तिथल्या तिथे ठरवलं: आरसा आवळायचा नाही. आजपासून तो आपोआप, सगळ्यांच्या शॉटसाठी, कायमचा.

मी आनंदात आहे. दुसरं काही सुचत नाही. मी फार फार आनंदात आहे.

१२ मार्च

पायलट चहाच्या यंत्रापाशी भेटला. म्हणाला, “मोठ्या मॅडमनी आठवडा दिला त्याचं सोनं केलंत.”

“कुठला आठवडा?”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “त्यांचा स्वतःचा. त्यांचा प्रयोग रद्द करून तुम्हाला शॉट दिले ना? समितीत भिंतीचा कागद हातात घेऊन त्याच तर भांडल्या. एका इमारतीत राहता ना तुम्ही?”

घरी आल्यावर तडक वर गेले. वन्सं इस्त्री करत होत्या.

“वन्सं, तुमचा आठवडा मला दिलात?”

“दिला.”

“का?”

“का म्हणजे? माझ्या प्रयोगात दाब सगळ्यांत जास्त. गाठ पडणारच. तुझा आरसा चालल्याशिवाय माझा आठवडा धाडधाड करण्यातच गेला असता. स्वार्थ आहे गं.” त्यांनी बाही उलटली. “आणि तो भिंतीचा प्रश्न मी विचारला नसता तर तुझ्यावर खार खाणाऱ्या कुणीतरी विचारला असता, आणि तेव्हा तुझ्याकडे कागद नसता.”

स्वार्थ तर स्वार्थ. मीही ते मान्य केलं. तसा हिशेब सरळच आहे. खाली येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “ताईला कुणी फार आवडलं की ती आधी एक कारण शोधते.” काहीही बोलतो. पण वर त्या इस्त्री करत होत्या तो कुर्ता कुणाचा होता, हे आत्ता लक्षात आलं. माझाच होता, परवा गच्चीतल्या दोरीवरून उडाला होता.

२६ मार्च

मोसम संपत आलाय. संचालकांनी राखून ठेवलेला शेवटचा दिवस वन्संच्या प्रयोगाला दिला. तो आज होता. सगळ्यांत मोठा दाब, आजवर इथे कुणी गेलं नाही तिथवर. मी सकाळी सातलाच जाणार होते. आणि नाश्त्याला माझी दाढ तुटली. निम्मी हातात आली.

नवरा म्हणाला, आत्ताच्या आत्ता चल. मी म्हटलं, संध्याकाळी बघू. वन्सं जिन्यातून उतरत होत्या. म्हणाल्या, “जा तू. आरसा आपोआप चालतो म्हणालीस ना? की अजून तुझा हात धरून चालतो?”

राग आला. पण काय बोलणार?

तर मी दवाखान्यातल्या त्या खुर्चीत आडवी, डोळ्यांवर दिवा, तोंडात दोन्हीकडे कापूस, नवऱ्याचे दोन्ही हात माझ्या तोंडात. मनात एकच: आता दाब चढला असेल. आता गाठ पडली असेल. आरसा काय करत असेल? तेवढ्यात फोन वाजला. नवऱ्याने कोपराने स्पीकर लावला. ताई आहे, म्हणाला.

मागून गोंगाट ऐकू येत होता. वन्सं म्हणाल्या, “झालं. गेलो वरपर्यंत. पूर्ण वेळ टिकला.” मग म्हणाल्या, “मधे तीन गाठी पडल्या होत्या म्हणे. आम्हाला नंतर नोंदी बघून कळलं. खोलीत कुणाचं लक्षच गेलं नाही, मी माझं काम करत होते.” आवाज जरासा फाटला. “ऐकतेस ना? तुझी कुणाला आठवणच आली नाही गं!”

मला ओरडायचं होतं. हसायचं होतं. वन्सं म्हणून हाक मारायची होती. तोंडातून नुसतं ‘आँ’ निघालं आणि डोळ्यांतून धारा लागल्या, कानांत जायला लागल्या.

नवऱ्याला वाटलं, दुखतंय. त्याने आणखी एक इंजेक्शन दिलं.